हाळाजवळच्या खांबाचा तपास

ती घटना आठवली की आजही माझा गोंधळ उडतो. खून, दरोडे, मारामाऱ्या अशी पुष्कळ प्रकरणं हाताळली. त्यातलं काय खरं नि काय खोटं, ते शेवटी कळलं. इथे सगळं कळलं, तरीही मनाचं समाधान झालं नाही. कोणाचं नाव घेणार नाही.

मी तेव्हा जुन्नर तालुक्यात सहायक पोलीस निरीक्षक होतो. पूर्वेकडच्या एका गावातून सकाळी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. "हाळाजवळ मेंढरं मारल्यात. इख घातलंय. कांदावाल्याला इचारा," एवढं बोलून त्याने फोन ठेवला.

जनावरांना पाणी पाजायच्या हाळाशेजारी तीन मेंढ्या पडल्या होत्या. परतीचा पाऊस नुकताच उघडला होता, जमीन चिखलाची होती. बिबट्या म्हणावं तर अंगावर दाताची खूण नव्हती. मेंढ्यांचा मालक साठीचा होता. तो मेंढ्यांजवळ उकिडवा बसला होता. त्याची बायको मात्र बोलली.

"सायेब, कांदावाला म्हनला व्हता, पुन्यांदा शेतात घुसली तर एकबी जित्ती जायाची न्हाई. साऱ्या गावानं आयकलंय."

हे खरं होतं. कांदावाल्याचं शेत हाळाला लागून होतं. मेंढ्यांनी त्याची कांद्याची रोपं खाल्ली होती आणि तो चारचौघांत धमकी देऊन बसला होता. तक्रार नोंदवली, पंचनामा केला, हाळातल्या पाण्याचा नमुना घेतला आणि त्याला ठाण्यात बोलावलं.

तो समोर बसला तो अगदी शांत. घाबरलेला माणूस पाणी मागतो, घड्याळाकडे बघतो. याने यातलं काही केलं नाही.

"मेंढ्यांना विष घातलंस?"

"न्हाई."

"कोणाकडून घालवलंस?"

"न्हाई सायेब. लेकराची आन."

मी प्रश्न उलटसुलट फिरवून विचारले. उत्तर एकच. माझा अनुभव सांगत होता की माणूस खरं बोलतोय. पण तोच अनुभव सांगत होता की त्याच्या पोटात काहीतरी आहे. दोन्ही एकदम कसं असेल, ते कळेना.

त्यात पशुवैद्यकीय डॉक्टरांनी शवविच्छेदन करून सांगितलं, "विषाची लक्षणं दिसत नाहीत. विजेचा धक्का असू शकेल." हाळाजवळ रस्त्याच्या दिव्याचा लोखंडी खांब होता. वीज कंपनीच्या वायरमनला नेलं. त्याने भर दुपारी खांबाला टेस्टर लावला. काही नाही. मीही हात लावून पाहिला. खांब साधा, थंड.

गावात दोन्हीकडची माणसं काठ्या घेऊन उभी राहायला लागली, तेव्हा प्रतिबंधक कारवाई म्हणून कांदावाल्याला ठाण्यात आणून बसवलं. तो रात्रभर आमच्या नजरेसमोर होता. आणि सकाळी मेंढपाळाचा फोन आला, आणखी एक मेंढी गेली.

आता माझं डोकं चालेना. संशयित माझ्यासमोर चहा पितोय आणि मेंढी तिकडे मरते. वायरमनला पुन्हा सोबत घेऊन गावात गेलो. मेंढपाळाच्या बायकोला विचारलं, "नेमकं केव्हा झालं?"

"फटफटायच्या वक्ताला. दिवा जळत व्हता अजून."

"आणि आधीच्या तीन?"

"त्या बी तवाच."

वायरमन जागीच थांबला. "साहेब, मी दुपारी आलो तेव्हा दिव्याची लाइन बंद असते. खांबात करंट येणार कुठून?"

त्याने लांबूनच सर्वांना मागे सारलं, दिवे चालू करून खांब तपासला. टेस्टर पेटला. मग ट्रान्सफॉर्मरवरून पुरवठा तोडून तो खांबाजवळ गेला.

खांबावर दोन पेट्या होत्या. वरची नवी, ग्रामपंचायतीत इंटरनेट आणणारी फायबरची केबल जिथे जोडतात ती. तिचं झाकण घट्ट, कडेला रबर, केबल खालून आत गेलेली. तिच्याखाली दिव्याच्या वायरी जोडणारी पेटी, म्हणजे जंक्शन बॉक्स. ती घरातल्या भिंतीवर लावतात तसली, पातळ प्लास्टिकची. तिच्यात केबल वरून शिरली होती. झाकण काढताच पाणी सांडलं. आतली जोडणी गंजून हिरवी पडली होती. त्या पाण्यातून करंट लोखंडी खांबात उतरत होता.

फायबर बसवणाऱ्या कामगाराला बोलावलं. त्याने फिरवाफिरव केली नाही. फायबरच्या पेटीला जागा करायला त्याने जुनी पेटी खाली सरकवली, ती फुटली. जवळ घरात लावायची पेटी होती, ती लावली. केबल आखूड पडली म्हणून पेटी उलटी बसवली. "पाणी जाईल हे डोक्यात आलं न्हाई," म्हणाला. खांबाचं अर्थिंगही तुटलेलं होतं. पुढे त्याच्यावर आणि ठेकेदारावर निष्काळजीपणाची कारवाई झाली, पावसात चालेल अशी पेटी बसली, अर्थिंग झालं, मेंढपाळाला भरपाईही मिळाली.

प्रकरण इथे संपायला हवं होतं. त्याच दिवशी ठाण्यात परत येऊन मी कांदावाल्याला सांगितलं, "तू सुटलास. जा घरी."

तो उठला आणि सहज म्हणाला, "बॉक्स बदलला का मग?"

मी त्याच्यापुढे पेटीचा शब्दही काढला नव्हता.

"तुला माहीत होतं?"

तो पुन्हा बसला. "मेंढरं मरायच्या आदी येका पहाटं शेताकडं गेलतो. खांबाला हात लागला, फेकला गेलो. वर बघितलं तर बॉक्स उलटा, पानी गळत व्हतं. घरी समद्यांना बजावलं, तिकडं फिरकू नका."

"मग मला का सांगितलं नाहीस?"

"तुमी इख घातलं का इचारलंत. म्या न्हाई म्हनलो. ते खरंच व्हतं."

त्याला कोणतं कलम लावावं, हे मला सुचेना. पेटी त्याने लावली नव्हती, मेंढ्या त्याने हाकल्या नव्हत्या. वरिष्ठांना विचारलं, तेही म्हणाले, सोडून द्या. मी सोडलं.

हे मेंढपाळाच्या कानावर घालणं मला भाग होतं. गावातून उलटसुलट कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून दोघा नवरा-बायकोला सांगितलं. मेंढपाळाने विचारलं, "म्हंजी गुन्हेगार कोन, सायेब?" मी पेटीबद्दल पुन्हा बोलू लागलो. त्याने मान हलवली, पण त्याने ते विचारलं नव्हतं हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

त्यानंतरच्या नोकरीत कुणाचाही जबाब संपवताना मी एक प्रश्न हमखास घालायचो: मी विचारलं नाही, पण तुला माहीत आहे, असं काही? त्याचा उपयोग झाला. पण मनात राहिलं ते मेंढपाळाच्या बायकोचं बोलणं. सगळं ऐकून तिने कांद्याच्या शेताकडे हात केला. मग म्हणाली, "मेंढरांचं जाऊ द्या सायेब. रोज पहाटं त्या हाळावर मी हंडा धुवाया जाते. ह्यो कांदावाला शेतातनं बघत असतो. येकदाबी म्हनला न्हाई, खांबापासनं लांब ऱ्हा."