वरच्या अंगाची टरबुजं

आमची मेस नांदेडला, पुलापासून हाकेच्या अंतरावर. जेवायला सगळी क्लासची पोरं. कुणी अहमदपूरचं, कुणी हिमायतनगरचं, सगळ्यांना डॉक्टर व्हायचंय. एका उन्हाळ्यात पुलावर टँकर उलटला आणि कारखान्याच्या भट्टीत जाळायचं काळं तेल नदीत उतरलं. ड्रायव्हर वाचला. सगळ्या गावासारखी मीही बघायला गेले. पुलाखालची वाळू डांबर ओतल्यासारखी झाली होती. पाण्यावर जाड तवंग. काठावर एक बगळा उभा होता, त्याला पंख उघडता येत नव्हते. खालच्या अंगाच्या टरबुजाच्या वाड्या वेलांसकट काळ्या पडल्या होत्या. पदर नाकाला लावूनही डोकं धरलं.

पण हे सगळं पुलाच्या खाली. वर, जिकडून नदी येते तिकडे, वाळू पांढरीच होती. मी स्वतः कठड्यावरून वाकून पाहिलं. चाचीची वाडी तिकडेच होती.

चाची म्हणजे दरसाल नदीच्या वाळवंटात टरबूज लावणारी म्हातारी. भूकंपात सगळं गमावून आम्ही लातूरकडून इथं आलो, तेव्हा मी नवी सून होते. त्या सालापासून पहिलं टरबूज ती आमच्या दारात आणून ठेवायची, त्याचे पैसे घ्यायची नाही. मग हंगामभर मेसला तिचाच माल.

त्या वर्षीही तिनं आणलं. पण नदीची टरबुजं खाऊ नका असा गावभर बोभाटा झाला होता. पोरांच्या आयांचे फोन यायला लागले होते. वर तेल गेलंच नाही, मी बघून आले, एवढं सांगायला माझं काय जात होतं? पण मेसचं नाव जाईल म्हणून मी घाबरले आणि पोरांसमोर म्हणाले, "चाची, असं करा, आधी तुम्ही खाऊन दाखवा."

"बाई, तेल कधी वरच्या अंगाला चढतंय का?"

"मला माहीत हाय हो. पण पोरांची खात्री पटाया पाहिजे ना."

"रोजा हाय माझा," ती म्हणाली. "थांबते मी."

रमजान चालू आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं. ती टरबूज घेऊन ओट्यावर बसली. घरी जा म्हणावं तर माझं तोंड उघडेना, आणि उघडलं तेव्हा काय बोलले, तर "चाची, चहा टाकू का?" पोरं हसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाची नुसतं "नको" म्हणाली.

अजान झाली. घरचे खजूर, घरची माणसं सोडून तिनं माझ्या ओट्यावर, एवढी पोरं बघत असताना रोजा सोडला. ताटात कापून ठेवलेली एक फोड सावकाश खाल्ली, बिया हातात काढल्या आणि ताट पोरांकडे सरकवलं. "घ्या रे. गोड हाय." बघता बघता ताटाचा फडशा पडला. भूकंपात ट्रकमधून आलेल्या जेवणाच्या पुड्या आम्ही कुणाच्या हातच्या ते न विचारता खाल्ल्या होत्या. ते आठवलं मला, पण ताट रिकामं झाल्यावर. शरमेनं मी आत जाऊन उगाच भांडी घासत बसले.

पुढच्या रमजानात चाची आली ती बरोबर दिवेलागणीला, सुरी घेऊन. त्याच ओट्यावर बसून तिनं टरबूज कापलं आणि हात थांबवला.

"चाची, आता कशाला? मी काही म्हणाले का?"

"असू द्या, बाई," ती म्हणाली आणि अजानची वाट बघत बसली.