तुला कुठं सासुरवाडी हाय

बारामतीच्या धावपट्टीवर आम्ही दोघं छोटं, हलकं हेलिकॉप्टर चालवायला शिकत होतो. दुसरे म्हणजे इंदापूरकडचे एक ऊसवाले तात्या. नाव मी कधी विचारलं नाही. बसण्याआधी ते यंत्राच्या नाकावर बैलाला मारावी तशी थाप मारायचे.

परवा आमची एकट्यानं उडायची पहिली पाळी होती. तात्यांची मंडळी हार घेऊन ट्रॉली भरून आली होती. तात्या यंत्रापर्यंत गेले आणि परत फिरले. शिकवणाऱ्या सरांना म्हणाले, “रात्रीची लाईट हुती, उसाला पाणी धरलं. झोप न्हाय. आज नगं.”

“तात्या, भ्यालासा व्हय?” ट्रॉलीतून कोणीतरी विचारलं.

“व्हय,” तात्या म्हणाले.

मग मी. सर्दीच्या गोळीनं माझे डोळे सकाळपासून मिटत होते. बायकोनं सगळं माहेर बघायला बोलावलेलं, म्हणून मी ते लपवलं होतं. आता मात्र चढवेना. सरांना हळूच खरं सांगितलं आणि सासूबाईंना म्हणालो, “मशीन बिघडलंय.”

तात्या शेजारीच होते. यंत्राच्या नाकावर थाप मारून त्यालाच म्हणाले, “ऐकून घे बाबा. तुला कुठं सासुरवाडी हाय.”