ताईच्या कंप्युटरातली ‘डेंजर’वाली बाई

आता काय सांगू तुम्हाला, चहाचा कप आधी खाली ठेवा. माझी फजिती ऐकून ठसका लागायचा!

मी रोह्याला कंप्युटरचा क्लास घेते. ताईचा पेणला गणपतीच्या मूर्तींचा कारखाना. चतुर्थी तीन दिवसांवर, आणि सकाळीच तिचा फोन.

"अगो, कंप्युटरात कोण बाई शिरलीय! यादी उघडली की सगळी झाकून टाकते नि ‘डेंजर, डेंजर’ वरडते. कोणाची मूर्ती कुठली, कायच दिसत नाय!"

"दोन मिनिटांचं काम. आले मी!"

पोचले तर दारात गिऱ्हाइकांची रांग. फुकटात मिळणारं, कंप्युटर ‘साफ’ करणारं सॉफ्टवेअर होतं ते. मी ऐटीत अनइन्स्टॉल करायला घेतलं. इंग्रजी मजकूर आला, खाली मोठ्ठं हिरवं बटण. दाबलं! बाई परत हजर. परत दाबलं. परत हजर! चौथ्यांदा तर पडद्यावर फुगे उडाले.

"गेली?" ताईने विचारलं.

"डेंजर! खतरा!" आता बायका दोन झाल्या. एक इंग्रजीत, एक हिंदीत!

रांगेत खसखस पिकली. मला घाम.

"ताई, हा हट्टी व्हायरस आहे. सगळं पुसावं लागेल."

"नि यादी?"

"ती पण जाईल."

ताईचा चेहरा पांढराफटक. मूर्तीचे डोळे आखायचा ब्रश हातात धरून ती पडद्याशी वाकली. "या हिरव्याच्या खाली राखाडी, बारीक काय लिवलंय गो?"

केसाएवढी रेघ रोज ओढणारी नजर ती!

मी इंग्रजी वाचलं, अर्थ निघाला ‘तरीही काढून टाका.’ आणि हिरव्या बटणावर काय होतं? ‘नको, राहू द्या. आणखी संरक्षण द्या.’ म्हणजे मी त्या बाईला चार वेळा आग्रह करून ठेवून घेतलं होतं!

राखाडी ओळ दाबली. कंप्युटर बंद करून चालू केला. ताईने श्वास रोखून यादी उघडली. चिडीचूप! अख्खी यादी लख्ख!

"गणपती बाप्पा..." कोणीतरी ओरडलं.

"मोरया!" अख्खा कारखाना दणाणला. पहिली मूर्ती दाराबाहेर पडली. ताईने मला रंगाच्या हातांनी मिठी मारली. मी तर हवेतच!

तेवढ्यात कोलाडच्या एक काकी पुढे आल्या. "बाई, माझी पोरगी तुमच्याच क्लासात येते. घरात सारखी आम्हाला दटावते."

"हो? काय म्हणते?"

"म्हणते, आमच्या बाई सांगतात, वाचल्याबिगर बटण दाबतो तो गाढव!"