अर्ध्या किमतीचं रीळ

माझ्या आत्याला दुकानदार घाबरत. नोकरीभर ती छत्र्यांच्या कारखान्यात तपासणी खात्यात होती. समोर आलेली प्रत्येक छत्री उघडायची, मिटायची, काडी न् काडी चाचपायची आणि मगच पुढे सरकवायची. निवृत्तीनंतर छत्र्या सुटल्या, सवय सुटली नाही. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं की म्हणायची, "आले होते की दोघं-तिघं. तपासणीत नापास झाले."

तिला नाद एकच, गळाने मासे धरायचा. तलावाच्या बांधावर सकाळी ती बसायची आणि थोडं अंतर राखून मास्तर बसायचे. मास्तर पूर्वी टायपिंगचे क्लास चालवत. क्लास बंद पडले, नाव तेवढं चिकटून राहिलं. दोघांत बोलणं कमी, चुरस फार.

मास्तरांकडे एक बेटकास्टिंग रीळ होतं. हे रीळ काठीच्या वरच्या अंगाला बसतं. गळ फेकला की त्याची चकती गरगर फिरते आणि तंगुसाची दोरी सोडत जाते. फिरत्या चकतीला अंगठ्याने अलगद आवरावं लागतं. अंगठा चुकला की चकती दोरीच्या पुढे धावते आणि असा गुंता होतो की सोडवता सोडवता सकाळ जाते. मास्तर त्या रिळाला कुणाला हात लावू देत नसत.

आणि एका दुपारी तेच रीळ मऊ फडक्यात गुंडाळून ते आमच्या दारात उभे राहिले.

"ताई, घेता का? नव्याच्या अर्ध्या किमतीत देतो."

आत्याच्या मनात तिथेच पाल चुकचुकली. "का विकताय?"

"कंटाळा आला."

"माशांचा?"

"रिळाचा," मास्तर म्हणाले आणि चहाही न घेता निघाले. आत्याने मागून सांगितलं, "ठेवून जा. बघते आणि कळवते."

खिडकीपाशी टेबल ओढून तिने तपासणी मांडली. रीळ कानाजवळ धरून त्याची मूठ फिरवली. आतल्या चाकांच्या दातांची खरखर ऐकू येते का बघितलं. चकती दोन बोटांत धरून हलवली, डगडग नव्हती. मग दोरीचं टोक माझ्या हातात देऊन म्हणाली, "तू मासा. ओढ." मी स्वयंपाकघरापर्यंत ओढत गेले. दोरी हिसका न देता, एकसारखी सुटत होती. कशातच खोट निघेना, तशी ती आणखीच बेचैन झाली.

"एवढं चांगलं आहे तर अर्ध्या किमतीत का? कुठेतरी पाणी मुरतंय."

भिंग आणलं. बाजूच्या स्क्रूच्या खाचेत बारीक ओरखडे दिसले. तिने लगेच फोन लावला. "मास्तर, रीळ कधी उघडलं होतं का?"

"छे, छे! कुणी हातसुद्धा लावलेला नाही."

आत्याने फोन ठेवला. "खोटं बोलला. चोरीचं तर नसेल?"

"आत्या! मास्तर आहेत ते!"

"म्हणून काय झालं? असं काही कपाळावर लिहिलेलं नसतं."

दुसऱ्या दिवशी आम्ही गळ-काठ्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने रीळ बघताच ओळखलं. "मास्तरांचं ना? मीच उघडलं होतं. दर फेकीला गुंता होतो, ब्रेक गेलाय, अशी त्यांची तक्रार. सगळं सोडवून बघितलं, तेल घातलं, बेअरिंग बदललं. एकही दोष सापडला नाही. अर्ध्या किमतीत मिळत असेल तर डोळे मिटून घ्या."

डोळे मिटून काही घ्यायला सांगणं म्हणजे आत्याला शिवी देण्यासारखंच होतं. रस्त्यात ती पुटपुटली, "दोघं मिळालेले असणार. दुरुस्त होत नाही म्हणून माझ्या गळ्यात बांधतायत."

बांधावर जाऊन तिने रीळ काठीवर बसवलं आणि काठी मास्तरांपुढे धरली. "फेकून दाखवा."

मास्तरांनी आधी वाऱ्याचं कारण काढलं, मग पाठीचं. शेवटी फेकला. गळ जवळच पाण्यात पडला आणि रिळात दोरीचा गुंतवळासारखा गोळा झाला.

"बघा! आहेच ते तसलं," मास्तर म्हणाले. "म्हणून तर अर्ध्यात देत होतो."

"म्हणजे खोट आहे हे ठाऊक असून मला देत होतात?"

आत्याने रागारागाने गुंता सोडवला आणि स्वतः गळ फेकला. तो तलावाच्या मध्यापर्यंत गेला. पुन्हा फेकला. पुन्हा तसाच सुरेख. मग तिने रीळ बघायचं सोडलं आणि मास्तरांच्या हाताकडे बघितलं.

"अंगठा इकडे करा. डोळे मिटा. मी काय करतेय?"

"काही नाही."

ती नखाने जोरात चिमटा काढत होती.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"थंडीपासून असेल. शर्टाची बटणंही नीट लागत नाहीत." मास्तरांनी अंगठा मुठीत मिटला. "घरी कळलं तर मुलगा इथे येऊ देणार नाही. मला वाटत होतं, रिळातच काहीतरी... म्हणजे, तसं असावं असं वाटत होतं."

आत्याने रीळ काठीवरून उतरवलं. मग म्हणाली, "उद्या डॉक्टरकडे जायचं. मी येते बरोबर."

मनगटात नस दाबली गेलीय, लहानसं ऑपरेशन करावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आत्याला डॉक्टरवर भरवसा वाटेना. तिने मास्तरांना दुसऱ्याकडे नेलं. तोही तेच म्हणाला, तेव्हा कुठे तिने होकार दिला. जणू मनगट तिचंच होतं! ऑपरेशननंतर अंगठ्यात जाणीव हळूहळू परतली; सगळी नाही, पण बटणांपुरती नक्की.

रीळ तिने मधल्या काळात घेऊन टाकलं होतं, मास्तरांनी सांगितलेल्या किमतीहून चांगलं जास्त मोजून. बरे झाल्यावर मास्तर चाचरत म्हणाले, "ताई, ते रीळ..."

"दिलेली वस्तू परत मागू नका. छान आहे ते."

मास्तरांना पूर्ण किमतीचं नवं घ्यावं लागलं. आत्या सोबत गेली आणि दुकानदाराकडून एकेक खोकं उघडून घेत त्याला अगदी घाम फोडला.

नव्या रिळाच्या पहिल्याच फेकीला मास्तरांचा गुंता झाला. आत्याने ते मांडीवर घेऊन सोडवायला सुरुवात केली. मास्तर शेजारी सरकले आणि आत्या दोरी कुठे तोडत तर नाही ना, हे वाकून वाकून बघत राहिले.