पऱ्हाटीच्या तळाशी

दिवाळी आली की आमच्या घरात कोळ्यांचा संहार व्हायचा. सासरे लांब काठीला केरसुणी बांधून छताचे कोपरे झाडायचे आणि फोटोमागचा चपटा, लांब पायांचा कोळी खाली पडला की चपलेचा रट्टा. तो बिचारा झुरळं खाऊन जगणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मी अकोल्याला शाळेत विज्ञान शिकवायचे. लग्न होऊन चांदूर बाजारजवळच्या या झेंडू पिकवणाऱ्या घरात आले आणि पहिल्याच दिवाळीत कोळ्याची बाजू घेतली. सूनबाई जरा अर्धवट आहेत, असं ठरलं. ठरू दे म्हटलं.

खरे विषारी कोळी भिंतीवर मिरवत नाहीत. त्यांना अंधारी, कोरडी, कोणी हात न लावणारी जागा लागते. विटांची रास, पालथी कुंडी, न्हाणीमागची अडगळ. आमच्याकडे तर त्यांच्यासाठी राजवाडाच होता. मागच्या दारापासून दोन पावलांवर पऱ्हाटीचा ढीग. कपाशी निघाली की तिची वाळकी झाडं उपटून न्हाणीच्या चुलीसाठी आणायची आणि जुन्या ढिगावर टाकायची. जाळायलाही वरूनच ओढायची. म्हणजे नवी यायची, नवीच जळायची. तळाची पऱ्हाटी माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची होती.

एका सकाळी फुलांचं टोपलं उचलायला वाकले, तर ढिगाच्या बुडाशी जाळ्यात उलटी लटकलेली कोळीण दिसली. तुरीच्या दाण्याएवढी, काळी कुळकुळीत, पाठीवर लाल पट्टा. लेक आठ महिन्यांची होती, आणि रांगत रांगत कालच मागच्या उंबऱ्यापर्यंत पोचली होती.

"बाबा, हा ढीग इथून हलवू या," मी सासऱ्यांना म्हटलं.

ते हसले. "एवढुशा किड्याले भेते वं? आमची जिंदगी गेली इथं, आमाले काई झालं नाई. ज्याले भेव वाटते त्यानं हलवावा."

बरं. ज्याला भीती वाटते त्याने. नवरा पहाटेच फुलं घेऊन अमरावतीच्या बाजाराला गेलेला. मी त्याची जुनी पँट चढवली, त्याचेच गमबूट, फवारणीचे हातमोजे, आणि दाताळं घेऊन भिडले. शेजारणी गच्चीवरून बघत होत्या. त्यांनाही करमणूक हवीच. सासरे खाटेवर बसून चहा पीत सूचना देत होते. ओढायची, झटकायची, मोळी बांधायची, मळ्याच्या पार टोकाला नेऊन टाकायची. दुपारपर्यंत हातमोज्यांच्या आतही फोड आले आणि ढीग जेमतेम कमरेपर्यंत उतरला. रडू येत होतं. पण खाटेसमोर रडायचं नाही, हा माझा हट्ट.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. पदर खोचलेला, पायात सासऱ्यांचे बूट. माझ्या सासूबाई दिवसभरात दहा वाक्यं बोलल्या तरी खूप.

"आई, तुम्ही राहू द्या. चावेल काही."

"चावून झालं मले," त्या म्हणाल्या. "दोनदा."

सासरे आजही खाटेवरच होते; तोंडाशी नेलेला कप त्यांनी खाली ठेवला.

"याच ढिगात. एकदा इच्चू. एकदा काय होतं ते दिसलंच नाई, बोटाले नुसती सुई टोचल्यावानी. मंग दोन दिवस पोट लाकडावानी कडक, घामानं लुगडं ओलं." लाल पट्टेवालीच्या विषाची हीच लक्षणं. त्या दाताळं चालवतच होत्या. नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "तुमी म्हणे, वांगे बाधले."

"मले कावून सांगतलं नाई?" सासऱ्यांचा आवाज एकदम लहान झाला होता.

"सांगून? सैपाक मीच कराची ना."

मला त्या क्षणी सासऱ्यांचा भयंकर राग आला आणि लगेच दयाही आली, कारण ते उठले होते. आमाले काई झालं नाई, या वाक्यातल्या 'आमा'त बायको कधी मोजलीच नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. त्यांनी सासूबाईंच्या हातातून दाताळं घेतलं.

तळ त्यांनी एकट्याने उपसला. सडून मऊ झालेल्या त्या थरात विंचवाची पिल्लं निघाली, सापाची कात निघाली, आणि लाल पट्ट्याच्या चार कोळिणी, प्रत्येकीजवळ अंड्यांच्या मातकट पिशव्या. दर वेळी सासरे ओरडून सांगत, "हे पाहा, अजून एक!" जणू शोध त्यांचाच. शेवटी तिथे नुसती काळी जमीन उरली. मी पँटीतच मधोमध उभी राहिले आणि गच्चीवरच्या शेजारणींना हात केला. एवढा आनंद मला पदवी मिळाल्यावरही झाला नव्हता.

आता पऱ्हाटी मळ्याच्या टोकाला दोन ढिगांत असते, आणि जुना ढीग संपल्याशिवाय नव्याला हात लावायचा नाही, हा सासऱ्यांचा कायदा. आल्यागेल्याला ते सांगतात, "दाराशी पऱ्हाटी ठेवाचीच नाई. मी पहिल्यापासून म्हणून राहिलो." मी मान डोलावते. श्रेय त्यांना घेऊ दे, अंगण मला मिळालं.

जागा सारवून वाळली त्या दिवशी लेक उंबरा ओलांडून बाहेर आली. सासूबाई भिंतीला टेकून, जिथे ढीग होता तिथेच बसल्या होत्या. त्यांनी उघड्या तळव्याने जमीन थोपटली.

"ये वं माय, ये. इथं आता काईच चावत नाई."

ती रांगत गेली, सरळ त्या हातापर्यंत.