तमासुराचे वरचे दात

मंडळी, आपल्या आवडत्या भयकादंबऱ्यांतल्या तीन हजार वर्षांच्या तमासुराची बिनचूक माहिती मी इथं आपल्या वाचकगटावर टाकली होती. बोकडाचं रूप घेऊन तो वरच्या चार दातांनी नरडं फोडतो, हेसुद्धा पुस्तकाबरहुकूम.

आज गोरेगावला जाणाऱ्या जीपमध्ये तिचीच छापील प्रत मोठ्यानं वाचून तपासत होतो. शेजारी बकरी घेऊन बसलेल्या गिरजामावशी हसल्या. "काहून खोटं लिहून राहिले, भाऊ? बोकडाला वर पुढचे दात असतात व्हय?"

"मावशी, तो राक्षस आहे."

"मंग राक्षसाचंच तोंड ठेवावं की त्यानं!"

त्यांनी बकरीचा ओठ उचलून दाखवला. वर नुसती हिरडी! मी बोट फिरवून खात्री केली.

दुरुस्ती आत्ताच करतोय. पण मग कादंबरीच्या चार भागांत त्यानं नरडं फोडलेली अकरा माणसं मेली कशानं, तेवढं कुणी सांगाल का?