बंद इंजिनातले तीन ठोके

भुताखेतांचे किस्से सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. मी मेकॅनिक माणूस. आवाज आला की त्याला कारण असतं, आणि ते पान्यानं उघडून हातात घेता येतं — यावर माझं पोट चाललं. या सदरात लोक लिहितात, कुठल्याशा अज्ञात शक्तीनं त्यांना वाचवलं म्हणून. वाचतो आणि गप्प बसतो. माझ्या बाबतीत जे घडलं, त्यानं कुणालाच वाचवलं नाही...

उमरग्यात सोलापूर–हैदराबाद रस्त्याला लागून करीमचाचांचं गॅरेज होतं. पत्र्याचं शेड, पुढं मोकळी जागा. आमचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला होता, महाराष्ट्र अजून व्हायचा होता. मी पंचविशीतला, चाचांच्या हाताखाली सात वर्षं काढलेला. कान तयार झाला होता आणि त्याचा मला माज होता.

पौषातली सकाळ, साडेसातचा सुमार. बोटं पान्याला चिकटावीत अशी थंडी. चाचा पार्ट आणायला सोलापूरला गेलेले. एवढ्यात माणिकराव जीप घेऊन आले. सरकारी कचेरीचे ड्रायव्हर, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. त्यांची बायको शेवंता बाळंतपणाला माहेरी गेली होती, अकरा मैलांवर. कच्चा रस्ता. तिचा भाऊ अंधारातच सायकल मारत आला होता — मूल आडवं आलंय, सुईण घाबरलीय. साहेबांनी जीप न्यायला सांगितलं होतं. पण चालू करताच इंजिन वाजायला लागलं.

"दत्तू, जरा कान लाव. लगीच निघायचंय."

थंडीत इंजिनं कुरकुरतातच. तेल घट्ट झालेलं असतं, टॅपेट टकटकतात, गरम झालं की गप्प होतात. बेअरिंग गेलं असेल तर मात्र उलटं — गरम होईल तसा आवाज वाढतो. म्हणून मी दहा मिनिटं गाडी चालू ठेवली. आवाज वाढला. जड, खोल... उखळात मुसळ पडावं तसा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक ब्लॉकला टेकवलं, मूठ कानाला लावली. प्लगच्या वायरी एकेक काढून बघितल्या. तिसरी काढली की आवाज दबायचा, म्हणजे दोष तिथंच. निदान झालं.

"माणिकराव, तिसऱ्या नंबरचं बेअरिंग गेलंय. रॉड तुटंल, ब्लॉक फोडून बाहेर येईल."

"अकराच मैल हाय रं. हळू नेतो."

"आन् येताना माळावर बंद पडली तर? बाळंतिणीला तिथं काय करणार तुमी? त्यापरीस बैलगाडी बरी. उशिरा का व्हईना, पोचंल तरी."

असं म्हणून मी चावी बंद केली.

इंजिन थांबलं. पंखा थांबला — मी डोळ्यांनी बघत होतो. आणि आतून आणखी तीन ठोके आले. ठक... ठक... ठक. तेवढेच जड.

माणिकरावांनी माझ्याकडं बघितलं. ज्या इंजिनात काहीच फिरत नाही, त्यातलं बेअरिंग ठोकत नाही. हे मला कळत होतं. तरी मी म्हणालो, "बघा, किती ढिलं झालंय." तोंडाला आलं ते बोललो. मला माझं निदान मोडायचं नव्हतं.

माणिकराव रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांच्या पाया पडले. माहेरच्या कच्च्या रस्त्याला कुणी गाडी घालायला तयार होईना. शेवटी मेव्हण्याची सायकल घेऊन ते माहेरी गेले, आणि तिथून बैलगाडी जुंपली.

दीड वाजता गाडी दवाखान्याच्या दारात आली. शेवंतावहिनी वाटेतच गेल्या होत्या. मूलही पोटातच गेलं. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन तास आधी आणायला पाहिजे होतं. कुणाकडं बघून म्हणाले नाहीत, पण मी तिथंच उभा होतो.

माती माहेरीच द्यायचं ठरलं. माणिकराव उठले, गॅरेजात येऊन जीपमध्ये बसले. मी म्हणालो, "बेअरिंग—"

"आता तुटू दे," ते म्हणाले.

मी शेजारी बसलो. दवाखान्यातून तिला घेतलं. मागं तिचा भाऊ, मांडीवर बहिणीचं डोकं. दिवस कलला होता, पुन्हा गारठा सुटला होता. अकरा मैल. खड्डे, दोन ओढे, एक चढ. आयुष्यात पहिल्यांदा इंजिनातून ठोका ऐकू यावा म्हणून मी कान लावून बसलो होतो. एक तरी यावा. गाडी सुतासारखी सरळ चालली. टॅपेटसुद्धा वाजला नाही.

तिसऱ्या दिवशी चाचा आले. आम्ही इंजिन उतरवलं. चारी बेअरिंगं त्यांनी फडक्यावर मांडली. नव्यासारखी चकचकीत, ओरखडा नाही.

"इसमें कुच नै है, दत्तू."

मी सगळं सांगितलं. ते तीन ठोकेही. चाचा म्हणाले, "बंद करने के बाद फिर से चालू करके सुना था क्या?"

नव्हतं ऐकलं. एकदा चावी फिरवायची होती, एवढंच.

गावात लोक म्हणायचे, जीप नेली असती तर उलटली असती, सगळेच गेले असते, येरमाळ्याच्या देवीनं थांबवलं. मला हे ऐकून संताप यायचा. त्याच जीपनं, त्याच दिवशी, त्याच रस्त्यानं तिला नेलं की! तेव्हा का नाही थांबवलं? आणि थांबवायचंच होतं, तर माझ्या तोंडून कशाला?

माणिकरावांनी पुढं सात-आठ वर्षं तीच जीप चालवली. मला कधी वावगं बोलले नाहीत. इंजिनाचं काम निघालं की चाचांना हाक मारायचे. नोकरी सोडायच्या आधी एकदा आले, तेव्हा चाचा नव्हते. बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले.

"आवाज व्हता न्हवं, दत्तू?"

"व्हता. दोघांनी ऐकलाय."

"एवढ्या वरसांत गाडी पुन्ना एकदा तरी वाजाया पायजे व्हती. मग मला तुझ्याकडं नीट बघाया आलं असतं."

पुढं मी तीस वर्षं इंजिनं उघडली. तो आवाज कशाचा होता ते मला तेव्हा कळलं नाही, आजही कळलेलं नाही.